सोसायटीचं लेटरहेड आणि लिबरऑफिस रायटर: वापरून झाल्यावरचं मत

आधी कुठल्या वापरासाठी लिहितोय ते सांगतो म्हणजे ज्यांना उपयोग नाही ते इथूनच परत जातील. सहकारी गृहनिर्माण संस्था, छोटं ट्रस्ट, वाचनालय, गणेश मंडळ, घरगुती क्लासेस, एकट्याने चालवलेला धंदा, अशा ठिकाणी जिथे महिन्याला थोडीच पत्रं निघतात पण ती निघताना व्यवस्थित निघायला लागतात, वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, खाली जा. क्र. आणि दिनांक, मग प्रति, विषय, संदर्भ, शेवटी आपला विश्वासू आणि सही-शिक्का. मोठ्या कंपनीत हे काम बघायला माणसं असतात, त्यांचं वेगळं. आमच्याकडे सेक्रेटरी बदलला की लॅपटॉप बदलतो आणि लॅपटॉप बदलला की लेटरहेड बदलतं, म्हणजे कमिटीने ठरवून नाही, आपोआप. फॉन्ट वेगळा, लोगो जरा चेपलेला, पिनकोड गायब.

याचं कारण एकच आहे. नव्वद टक्के ठिकाणी लेटरहेड नावाची फाइलच नसते (नव्वद हा आकडा माझा अंदाज, मोजायला कोण गेलंय). असतं काय तर मागच्या वेळचं पत्र. ते उघडायचं, मधला मजकूर खोडायचा, नवीन टाइप करायचं आणि सेव्ह अ‍ॅज करायचं. आणि सेव्ह अ‍ॅजऐवजी कंट्रोल एस दाबलं गेलं की पाणीपट्टीचं जुनं पत्र गेलं, त्याच्या जागी लिफ्टच्या एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) पत्र बसलं. शिवाय जुन्या पत्रातला संदर्भ क्रमांक तसाच राहून जातो आणि उपनिबंधक कार्यालयात टेबलावरचा माणूस तेवढाच नेमका वाचतो.

यावर उपाय टेम्प्लेट, म्हणजे पत्राचा कोरा साचा, आणि टेम्प्लेट बनवायची सोय वर्डमध्ये आहे, लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच फुकट प्रोग्राममध्ये आहे, गूगल डॉक्समध्ये अर्धी आहे. मी तिन्ही वापरलीत पण हा रिव्ह्यू मुख्यतः रायटरचा, कारण फुकट आहे म्हणून तो घेतला जातो आणि "फुकट म्हणजे वर्डची स्वस्त कॉपी" असं म्हणून बाजूला टाकला जातो. लेटरहेडच्या बाबतीत तरी तसं नाहीये. एका गोष्टीत तो वर्डच्या पुढे आहे, एका गोष्टीत चांगलाच मागे आहे, दोन्ही सांगतो.

पुढे कुठे आहे ते आधी. रायटरमध्ये पेज स्टाइल नावाचा प्रकार आहे, म्हणजे पानाचे मार्जिन, हेडर (पानाच्या वरचा ठरलेला भाग) वगैरे एका नावाखाली ठरवून ठेवायचे. एफ ११ दाबलं की उजवीकडे स्टाइल्सची पट्टी उघडते, त्यात वर पानाचं चिन्ह असतं त्यावर क्लिक केलं की पेज स्टाइल्स दिसतात, त्यात फर्स्ट पेज नावाची तयारच दिलेली असते आणि तिची पुढची स्टाइल डिफॉल्ट पेज स्टाइल अशी आधीच लावलेली असते. म्हणजे पहिल्या पानावर पूर्ण लेटरहेड आणि पत्र लांबलं तर दुसऱ्या पानापासून आपोआप साधं हेडर, त्यात फक्त संस्थेचं नाव बारीक अक्षरात आणि पान क्रमांक. वर्डमध्येही हे होतं, डिफरंट फर्स्ट पेजवर टिक केली की झालं, तिथे काही कौतुक नाही. (दोन्हीकडे एक छोटी अडचण सारखीच, दुसरं पान अस्तित्वातच नसतं तोपर्यंत त्याचं हेडर दिसत नाही, त्यामुळे कंट्रोल एंटर मारून खोटं दुसरं पान आणायचं, हेडर भरायचं आणि मग पान उडवायचं.)

खरी मजा पुढे आहे. आपल्याकडे सोसायटीने प्रेसमधून छापून घेतलेलं लेटरहेड असतं, बॉन्ड पेपरवर, दोन रंगात, पाचशे-हजार प्रती, आणि ते संपेपर्यंत वापरावंच लागतं कारण पैसे मोजलेत. पण महापालिकेला किंवा उपनिबंधकांना पत्र देताना दोन प्रती लागतात, एक त्यांना आणि एक ओसी म्हणजे ऑफिस कॉपी, ज्याच्यावर पोच घ्यायची. मूळ प्रत छापील कागदावर आणि ओसी साध्या ए फोरवर. शिवाय तेच पत्र पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर कमिटीच्या ग्रुपवर टाकायचं. म्हणजे एकाच पत्राला एकदा हेडर नको, वरची जागा कोरी हवी, आणि दोनदा हेडर हवं. लोक काय करतात तर वरती दहा-बारा एंटर मारतात. मग मजकुरात एक ओळ वाढली की सगळं खाली सरकतं आणि सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन पडते.

रायटरमध्ये यासाठी मी आणखी एक पेज स्टाइल बनवली, नाव दिलं "छापील कागद". तिच्यात हेडर बंद आणि वरचा मार्जिन प्रेसच्या लेटरहेडला पट्टी लावून मोजला तेवढा, आमच्याकडे तो पाच सेंटीमीटरच्या आसपास आला. पुढची स्टाइल तीच, डिफॉल्ट. आता पत्र लिहून झालं की पहिल्या पानावर कर्सर ठेवायचा, पट्टीत "छापील कागद" वर डबल क्लिक, हेडर गेलं, जागा कोरी, मजकूर जिथल्या तिथे. प्रिंट काढायची. मग फर्स्ट पेजवर डबल क्लिक, हेडर परत, ओसी आणि पीडीएफ. मजकुराला हातसुद्धा लावावा लागत नाही. एकच काळजी घ्यायची, फर्स्ट पेजमध्ये वरचा मार्जिन, हेडरची उंची आणि हेडरखालचं अंतर या तिघांची बेरीज छापील कागदाच्या मार्जिनएवढी यायला हवी आणि हेडरमधलं ऑटोफिट हाइट काढून टाकायचं, नाहीतर दोन्हीत मजकूर वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतो. वर्डमध्ये याच्या जवळचं काही करायचं तर हेडर गॅलरीत दोन हेडर सेव्ह करून ठेवायची आणि ड्रॉपडाउनमधून बदलायची, होतं, पण सेव्ह करताना मुद्दाम टेम्प्लेटमध्ये ठेवा असं निवडलं नाही तर ती हेडर त्या कॉम्प्युटरवरच्या बिल्डिंग ब्लॉक्सच्या फाइलमध्ये बसतात, दुसऱ्याकडे टेम्प्लेट पाठवलं तर त्याला ती दिसत नाहीत. रायटरच्या पेज स्टाइल नेहमीच टेम्प्लेटच्या आत असतात, फाइल जाईल तिथे जातात. नुसत्या या एका कारणासाठी मी सोसायट्यांना रायटर घ्या म्हणून सांगतो.

आता हेडर बांधायचं कसं ते. लोगो एका टेक्स्टबॉक्समध्ये, नाव दुसऱ्या, पत्ता तिसऱ्या, आणि मधे हाताने ओढलेली रेघ, असं केलं की थोड्याच दिवसात सगळं इकडेतिकडे. सरळ दोन रकान्यांचं टेबल घाला, डावीकडे लोगो, उजवीकडे नाव-पत्ता, बॉर्डर काढून टाका. लोगोचं अँकर (तो कशाला बांधलेला आहे ते) "अ‍ॅज कॅरेक्टर" ठेवा म्हणजे तो अक्षरासारखा ओळीत बसतो. टू पेज अजिबात ठेवू नका, तसं केलं तर तो हेडरचा भागच राहत नाही. खालची रेघ ड्रॉइंगची नको, पॅराग्राफची खालची बॉर्डर लावा, ती कधीही तिरकी होत नाही आणि पानाच्या रुंदीप्रमाणे आपोआप मोठी-छोटी होते.

लोगोवरून आठवलं. लोगो मागायला गेलं की प्रेसवाला सीडीआर फाइल देतो, कोरल ड्रॉची. सेक्रेटरीकडे कोरल नसतं, मग तो छापलेल्या लेटरहेडचा मोबाइलने फोटो काढतो आणि तोच हेडरमध्ये टाकतो, राखाडी बॅकग्राउंडसकट. तर लिबरऑफिसबरोबर जो ड्रॉ येतो तो सीडीआर उघडतो, बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही. उघडून लोगो निवडायचा, एसव्हीजी म्हणून एक्स्पोर्ट करायचा, रायटरमध्ये टाकायचा, कितीही मोठा करा फाटत नाही. फक्त सीडीआरमध्ये मराठी मजकूर श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि प्रेसवाल्याने तो कर्व्ह केलेला (म्हणजे अक्षरांचं चित्र केलेलं) नसेल तर "सहकारी गृहनिर्माण" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसणार, त्यामुळे मागतानाच "कर्व्ह करून द्या" म्हणायचं. प्रेसवाल्यांना हे बरोब्बर कळतं, ते दोन मिनिटात करून देतात.

मराठी फॉन्ट हा या सगळ्यातला सगळ्यात डोकं खाणारा भाग, आणि इथे रायटर थोडा चमत्कारिक वागतो. आधी टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू आहे का बघायचं आणि भाषा मराठी लावायची. मग पॅराग्राफ स्टाइलमध्ये फॉन्टच्या टॅबवर दोन वेगळे भाग दिसतात, एक वेस्टर्न आणि एक सीटीएल, मराठीचा फॉन्ट आणि साइझ त्या दुसऱ्या भागात भरायचा असतो. पहिल्या भागात कितीही वेळा मुक्तासारखा मराठी फॉन्ट निवडा, मराठी अक्षरावर ढिम्म परिणाम होणार नाही. नवीन माणूस इथेच वैतागून सोडून देतो. वर्डमध्येही कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा रकाना आहे हो, पण तो फॉन्टच्या डायलॉगमध्ये लपलेला असतो त्यामुळे शिव्या रायटरला जास्त पडतात. एकदा स्टाइलमध्ये नीट भरून टेम्प्लेट केलं की परत बघायला लागत नाही हे मात्र खरं.

फॉन्ट कुठला? युनिकोडच, यावर चर्चाच नको. श्रीलिपी, कृतिदेव ज्या मशीनवर नाहीत तिथे पत्र उघडलं की संपलं. विंडोजवर निर्मला यूआय असतोच, मंगलही मिळतो, पण मंगल लेटरहेडवर मला तरी सरकारी जीआरसारखा वाटतो. 'एक टाइप' (Ek Type) नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता किंवा बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, पत्राच्या मजकुराला जरा पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी आहे, त्यात आपला मराठी ल आणि श येतो, हिंदी वळणाचा नाही, आमच्याकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी नोटीस बोर्डावर ते लगेच ओळखलं. फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसेल म्हणून फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट या टॅबवर जाऊन एम्बेडची (फॉन्ट फाइलमध्येच भरून ठेवायची) टिक करून ठेवा, फाइल थोडी जड होते पण अक्षर बदलत नाही. आणि ओळींमधलं अंतर फिक्स्ड ठेवू नका, ते जरा कमी पडलं की वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात, प्रपोर्शनल ठेवा. वर्डमध्ये याचं नाव एक्झॅक्टली आहे, कापणं तेच.

पत्राच्या रिकाम्या जागांसाठी रायटरमध्ये प्लेसहोल्डर नावाचं फील्ड आहे. कंट्रोल एफ २, फंक्शन्स, प्लेसहोल्डर. "जावक क्रमांक टाका", "विषय टाका" असं लिहून ठेवायचं, पत्र लिहिणाऱ्याने त्यावर क्लिक करून टाइप केलं की ते गायब होऊन त्याच्या जागी मजकूर येतो. साधं आहे, चालतं. वर्डचे कंटेंट कंट्रोल (भरायच्या जागांचे चौकोन) यापेक्षा कितीतरी देखणे आहेत, तारखेला कॅलेंडर उघडतं, ठरावीक पर्यायांची यादी देता येते, आणि रिस्ट्रिक्ट एडिटिंग लावलं की फक्त तेवढ्याच जागा भरता येतात, बाकी पत्राला हात लागत नाही. ज्या ऑफिसात पाच-सहा जण एकच पत्र काढतात तिथे वर्ड घ्या, खरंच.

तारखेबद्दल मात्र दोन्हीकडे माझं मत एकच, हाताने टाइप करा. वर्डमध्ये इन्सर्ट डेट करताना अपडेट ऑटोमॅटिकलीवर टिक राहिली तर जानेवारीचं पत्र जूनमध्ये उघडल्यावर जूनची तारीख दाखवतं. वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी गेली होती का यावरून भांडणारे सभासद प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांच्या हातात असली फाइल पडली तर मग बघायलाच नको. ज्यांना आपोआपच तारीख हवी त्यांनी वर्डमध्ये क्रिएटडेट फील्ड वापरावं, ते फाइल जन्माला आली ती तारीख धरून बसतं. पण जावक रजिस्टरमध्ये क्रमांक हाताने लिहायचाच आहे ना, मग तारीख लिहायला असे किती कष्ट पडतात.

टेम्प्लेट सेव्ह करताना दोन रस्ते. फाइल, टेम्प्लेट्स, सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट केलं की ते रायटरच्या आतल्या कपाटात जातं आणि कंट्रोल शिफ्ट एन दाबून काढता येतं. तिथेच सेट अ‍ॅज डिफॉल्टची टिक असते, ती सोसायटीच्या लॅपटॉपवर ठीक आहे पण घरच्या लॅपटॉपवर करू नका, नाहीतर मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टवर सोसायटीचा नोंदणी क्रमांक येईल. दुसरा रस्ता म्हणजे सेव्ह अ‍ॅजमध्ये प्रकार ओटीटी (.ott, रायटरच्या टेम्प्लेटची फाइल) निवडून फाइल सरळ फोल्डरमध्ये ठेवायची. मला हा जास्त आवडतो. ओटीटीवर डबल क्लिक केलं की मूळ फाइल उघडतच नाही, तिची बिननावाची नवीन प्रत उघडते, त्यामुळे कंट्रोल एस दाबलं तरी ती नाव विचारते आणि मूळ टेम्प्लेट सुरक्षित राहतं. वर्डच्या डॉटएक्सचंही (.dotx, वर्डच्या टेम्प्लेटची फाइल) अगदी तसंच, फक्त वर्डच्या आतून फाइल ओपन करून उघडलं तर मूळ टेम्प्लेटच उघडतं, हे लक्षात ठेवायला लागतं.

पहिल्या रस्त्याचा एक फायदा आहे तोही सांगतो. कपाटातल्या टेम्प्लेटच्या स्टाइल बदलल्या, समजा फॉन्ट बदलला, तर त्यावरून बनवलेलं जुनं पत्र उघडताना रायटर विचारतो की नवीन स्टाइल लावू का जुन्याच ठेवू. पाठवून झालेल्या पत्राला नेहमी जुन्याच ठेवा म्हणायचं. आणि हे फक्त स्टाइलपुरतं आहे, हेडरमधला पत्ता किंवा ईमेल बदललात तर जुन्या पत्रांमध्ये तो बदलत नाही, ना इथे ना वर्डमध्ये, आणि बदलूही नये, त्या तारखेला जो पत्ता होता तोच राहिला पाहिजे.

आता मागे कुठे आहे ते. वर्डवाल्या माणसाशी देवाणघेवाण सुरू झाली की रायटरची पकड सुटते. पेज स्टाइल ही कल्पनाच वर्डमध्ये नाही, त्यामुळे डॉकएक्स (.docx, वर्डची नेहमीची फाइल) करून पाठवलं की त्याचे सेक्शन वगैरे बनतात, हेडर जरा वरखाली होतं, ती "छापील कागद"ची सोय तर जातेच. वकील किंवा सीए जर तुमचं पत्र दुरुस्त करून परत पाठवत असतील तर रोजची कटकट. यावर माझ्याकडे उत्तर असं नाही, मसुदा साध्या कोऱ्या फाइलमध्ये फिरवायचा, सगळ्यांचं हो झालं की लेटरहेडमध्ये पेस्ट स्पेशल करून अनफॉरमॅटेड टाकायचा, आणि बाहेर जाताना पीडीएफच द्यायची. पीडीएफचं बटण वरच्या टूलबारवरच आहे, ते बाकी झकास. दुसरं, फाइल, विझार्ड्स, लेटर असं एक प्रकरण आहे, ते पत्राचा साचा बनवून देतो म्हणतं, पण त्याची वळणं परदेशी पत्रांची आहेत, जा. क्र. आणि संदर्भ कुठे बसवायचे हा प्रश्न पडतो, त्याच्या नादी लागू नका.

गूगल डॉक्सचं थोडक्यात. साध्या जीमेल खात्यावर स्वतःचं टेम्प्लेट गॅलरीत घालता येत नाही, ती सोय ऑफिसच्या वर्कस्पेस खात्यांना आहे. जुगाड असा की लेटरहेडच्या फाइलची लिंक घ्यायची, शेवटचं एडिट खोडून तिथे कॉपी लिहायचं आणि ती लिंक कमिटीला द्यायची, उघडणाऱ्याला सरळ प्रत बनवायचं बटण दिसतं. मोबाइलवरून पत्र काढणाऱ्यांना हे बरं. फाइल पेजलेस मोडमध्ये नाही ना ते बघा, त्यात हेडर दिसतच नाही.

लेटरहेडवर काय असावं याबद्दल एक गोष्ट, कारण माझ्या एका मित्राने प्रायव्हेट लिमिटेड काढली आणि लेटरहेडवर फक्त नाव आणि मोबाइल नंबर टाकून मोकळा झाला. सोसायटीला नाव "मर्यादित"सकट, नोंदणी क्रमांक आणि पत्ता एवढ्यावर भागतं, पण कंपनीला तसं नाही, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे पत्रांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि असेल तर वेबसाइट छापावीच लागते, नाही छापली तर दिवसाला १००० रुपये दंड, जास्तीत जास्त १ लाख. सीआयएन २१ अक्षरांचा असतो, तो हेडरमध्ये कोंबण्यापेक्षा फूटरमध्ये एका ओळीत छान बसतो.

आणि कृपा करून सेक्रेटरीच्या सहीचा स्कॅन टेम्प्लेटमध्ये टाकून ठेवू नका. सोयीचं वाटतं, पण ती फाइल ज्याच्या ज्याच्या लॅपटॉपवर गेली त्या प्रत्येकाकडे सोसायटीच्या नावाने सही केलेला कोरा कागद गेला. सहीची जागा तेवढी ठेवा, खाली "सचिव" लिहा, नाव लिहू नका म्हणजे कमिटी बदलली तरी टेम्प्लेट तेच चालतं.

माझ्याकडून रायटरला लेटरहेडच्या कामासाठी पाचपैकी चार. एक मार्क त्या सीटीएल फॉन्टच्या भानगडीचा आणि डॉकएक्सचा मिळून कापला. आधीच वर्डचं लायसन असेल आणि छापील कागद वापरत नसाल तर बदलायची काही गरज नाही, डॉटएक्स बनवा आणि सुखाने राहा. छापील कागदाचे गठ्ठे कपाटात पडलेले असतील तर रायटर टाका. बांधणी करायला पहिल्यांदा एखादी दुपार जाईल, त्यातला निम्मा वेळ प्रेसवाल्याकडून लोगो मिळवण्यात. ओटीटी तयार झाली की एक प्रत सोसायटीच्या ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, सेक्रेटरीच्या वैयक्तिक ईमेलवर नाही.